मिठावर पिवळा दिवा लागला तेव्हा

आमच्या गावातले सगळे ड्रायव्हर आपापल्या गाडीशी बोलतात. चढावर लाडानं, चिखलात शिव्या देऊन. बेनेदिक्ता लुपा बोलत नाही, ती ऐकते. त्यासाठी तिच्याकडे एक लाकडी डाव आहे, हातभर लांब दांड्याचा. चालू इंजिनावर डावाचं तोंड टेकवायचं, दांडा कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचे. बघणाऱ्याला वाटावं, बाई उभ्याउभ्या झोपली. मग ती डोळे उघडते आणि सांगते, "चौथा नोझल गळतोय."

डाव तिच्या स्वयंपाकाच्या दिवसांतला. तिचा बाप कोल्चानीला मीठ कापायचा. ती सतराव्या वर्षी पर्यटकांच्या जीपगाड्यांवर स्वयंपाकीण म्हणून लागली, आणि अकरा वर्षं ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसून सगळा सालार, मिठाचं ते अफाट मैदान, तिनं पालथा घातला. गाडी बंद पडली की पर्यटक फोटो काढायचे, ड्रायव्हर बॉनेट उघडायचा, आणि ही बादली उपडी घालून त्याच्या मागे बटाटे सोलत बसायची.

"त्यांना वाटायचं मी बटाटे सोलतेय," ती सांगते. "सोलतच होते. पण डोळे काय बटाट्यात घालून ठेवायचे?"

तिची जीप माझ्या लग्नापेक्षा जुनी आहे. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. आधीच्या मालकाला तीन गॅरेजांनी सांगितलं होतं की इंजिन गेलं, भंगारात घाला. बेनेदिक्तानं ती घेतली, बैलजोडीनं ओढून गावात आणली आणि दीड महिना तिच्याभोवती नुसती फिरत राहिली. शेवटी सापडलं काय, तर टाकीकडून येणाऱ्या डिझेलच्या नळीला केसाएवढी चीर. तिथून हवा ओढली जात होती, म्हणून गाडी चालता चालता मान टाकायची. वीतभर नळी बदलली आणि जीप जी चालू झाली ती आजतागायत. तिचं म्हणणं एकच, डिझेल इंजिन कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतात ती माणसं. गाडी बिघडली की ती आधी माणसाची उलटतपासणी घेते. काय भरलंत, कुठून भरलंत, कधी भरलंत, आणि त्या आधी काय केलंत?

माझ्या नोएमीचं जावळ तिनं काढलं. आमच्याकडे पहिला केस जो कापतो तो घरचाच होतो. तेव्हापासून ती माझी कोमाद्रे, माझा नवरा इलारियो तिचा कोम्पाद्रे. या नात्यात एकमेकांना 'तुम्ही'च म्हणायचं. भांडण झालं तरी 'तुम्ही'च. मी ओरुरोला कॉलेज करून इथे ज्वालामुखीच्या पायथ्याशी लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. आता नाही येत.

पाच वर्षांपूर्वी बेनेदिक्ता नव्या प्रार्थनामंडळीत गेली. दारू सुटली, नाच सुटला, आणि कार्निव्हलही सुटला. बाकी काही कोणाला खुपलं नाही, शेवटचं खुपलं. कार्निव्हलच्या मंगळवारी आमच्याकडे घराला, शेताला, जनावरांना, गाडीला, सगळ्यांना घोट पाजतात. पहिला घोट धरणीमायला, पाचामामाला, मग चाकांवर बिअर, बॉनेटवर रंगीत कागदांचे तुकडे, आरशांना फिती. ज्या गाडीला घोट मिळाला नाही ती वर्षभर तहानलेली राहते आणि तहानलेली गाडी मिठावर दगा देते, असं इथे शेंबडं पोरही सांगेल. बेनेदिक्ताची जीप पाच वर्षं कोरडी होती. आणि पाच वर्षं ती एकदाही बंद पडली नव्हती, हे सांगायला मात्र कोणी पुढे यायचं नाही.

त्या कार्निव्हलला ती मंडळीच्या शिबिराला पलीकडच्या गावी गेली. कोणा पिऊन आलेल्यानं कौतुकानं जीपवर बाटली फोडू नये म्हणून जीप आमच्या अंगणात ठेवून गेली. आमची भिंत उंच आहे आणि इलारियो माणूस भरवशाचा. जाताना सोमवारी तिनं डिझेल विकणाऱ्या प्रिमितिवोच्या पिंपातून टाकी भरून घेतली होती, टपावरचा वीस लिटरचा डबाही.

बुधवारी दुपारी नोएमीच्या पोटात दुखायला लागलं. वय वर्षं नऊ, कार्निव्हलचं खाणं झालेलं, मला वाटलं पोट बिघडलं. रात्रभर उलट्या. गुरुवारी पहाटे नर्स ग्लादिसनं उजव्या बाजूला बोटं दाबून पटकन सोडली, तशी पोरगी किंचाळली.

"अपेंडिक्स आहे," ग्लादिस म्हणाली. "उयुनीच्या इस्पितळात न्या. आजच, आणि लवकर."

रस्त्यानं जायची सोय नव्हती. पावसानं नदी रस्त्यावरून वाहत होती, आरोग्यकेंद्राची गाडी तीन दिवस पलीकडे अडकली होती. राहता राहिला सालार. पंच्याऐंशी किलोमीटर मीठ, आणि फेब्रुवारीत त्याच्यावर वीतभर पाणी. शहाणे ड्रायव्हर या दिवसांत जात नाहीत.

निघताना ग्लादिसनं मला बाजूला घेतलं. "दुखायचं एकदम थांबलं तर आनंद मानू नका," ती हळू म्हणाली. "थांबलं म्हणजे आत फुटलं."

बेनेदिक्ता आदल्या संध्याकाळीच परतली होती. निरोप मिळताच पंधरा मिनिटांत आली. जीपच्या तोंडाला ताडपत्री बांधली, म्हणजे खारं पाणी थेट इंजिनावर उडत नाही. पुढच्या चाकांजवळून वाकून सगळं पाहिलं. "कोमाद्रे, तुम्ही लेकराला घेऊन मागे बसा, तिचे पाय माझ्या बाजूला करा," मला म्हणाली. "कोम्पाद्रे पुढे." इलारियो पुढे बसला. रात्रभरात त्याचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, बाप आहे.

साडेसहाला आम्ही पाण्यात उतरलो. काठाजवळ मीठ फुटलेलं असतं, तिथे जीप खूप आदळली. पुढे सपाट झालं. वर ढग, खाली तेच ढग, मधे आम्ही. ताशी पंधरा-अठराच्या वर जाता येत नाही, पाणी उडतं. समोर धरायला खूण नसते म्हणून बेनेदिक्ता आरशात बघून चालवते. मागचा ज्वालामुखी आरशाच्या मधोमध राहिला म्हणजे दिशा बरोबर. नोएमी माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती. ती कण्हली की मला बरं वाटायचं. असं बरं वाटून घ्यायची वेळ कोणावर येऊ नये.

नऊच्या सुमाराला समोरच्या पट्टीवर छोटा पिवळा दिवा लागला.

"हं," बेनेदिक्ता म्हणाली.

"काय झालं?"

"फिल्टरात पाणी साठलंय. दर शनिवारी मी काढते. थांबवावं लागेल."

तिनं गाडी थांबवली, पण इंजिन चालू ठेवलं. रबरी बूट घालून पाण्यात उतरली, बॉनेट उघडलं, फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल केला आणि कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत धरलं. वर डिझेल, खाली गढूळ पाणी. तीन बोटं तरी. तिनं बाटली उजेडात फिरवली.

"शनिवारी थेंब नव्हता," ती स्वतःशीच म्हणाली. मग आत डोकावून इलारियोला, "कोम्पाद्रे, माझ्या माघारी जीप पावसात उभी होती का? टाकीचं झाकण कोणी उघडलं होतं?"

"नाही," इलारियो म्हणाला. "छपराखालीच होती."

तिनं झाकणाबद्दलही विचारलं होतं. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

तीन किलोमीटर गेलो नाही तर दिवा पुन्हा लागला. या वेळी इंजिनही मिसिंग करायला लागलं. धक्का, मग ताकद, मग धक्का. मागे पांढरा धूर. पुन्हा थांबलो, पुन्हा बाटली, पुन्हा पाणी, आधीपेक्षा जास्त. तिसऱ्यांदा तिला थांबावंच लागलं नाही. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. पुढे पन्नास किलोमीटर, मागे पस्तीस. त्या शांततेत पाण्याच्या लाटा दारावर आपटत असल्याचं मला पहिल्यांदा ऐकू आलं. वारा सुटला होता. पश्चिमेचा वारा पाणी ढकलत आणतो. सकाळी चाकाच्या निम्म्याखाली असलेलं पाणी आता निम्म्यावर आलं होतं.

बेनेदिक्ता बाहेर उभी राहून बोटांवर काहीतरी जुळवत होती. मग खिडकीशी आली.

"एवढं पाणी हवेतनं येत नाही. प्रिमितिवोच्या पिंपात पाणी होतं. त्याला मी सोडणार नाही, पण ते नंतर."

"टपावर डबा आहे ना भरलेला?" मी विचारलं. "तो घाला की."

"तो पण त्याच पिंपातला, कोमाद्रे. तेच पाणी त्यातही असणार. ते पंपात गेलं आणि पंप अडकला, तर मग देव जरी खाली आला तरी ही हलायची नाही." तिनं कपाळ पुसलं. "डबा खाली घेते, स्थिर ठेवते. तीन तास हिंदकळलाय, पाणी तळाशी बसायला तासभर लागेल. मग वरचं वरचं काढून बघू."

"तासभर?"

"तासभर."

नोएमीनं डोळे उघडले. "आई," ती म्हणाली, "आता नाही दुखत."

मी तिच्याकडे बघत राहिले. कपाळावर घाम, ओठ पांढरे, पण चेहरा सुटलेला, झोप लागायच्या आधी असतो तसा. "अजिबात नाही दुखत," ती म्हणाली आणि हसली.

ग्लादिसनं सांगितलेलं मी इलारियोला सांगितलंच नव्हतं. आत्ता सांगितलं, तिच्या डोक्यावरून, अगदी हळू. "थांबलं म्हणजे आत फुटलं, असं नर्स म्हणाली होती."

इलारियोनं दार उघडलं आणि बुटांसकट पाण्यात उतरला. गाडीला धरून बेनेदिक्तासमोर जाऊन उभा राहिला.

"पिंपात पाणी नव्हतं," तो म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

"मी पाजली."

"काय पाजली?"

"जीपला. मंगळवारी पहाटे. टाकीत."

बेनेदिक्ताच्या हातात पाना होता. तो तिनं एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"बिअर?"

"सगळ्यांच्या गाड्या प्यायल्या, कोमाद्रे. तुमची एकटी कोरडी उभी होती, आमच्या अंगणात. हिच्यातूनच आमची पोरं शाळेला जातात. चाकांवर घातली असती तर तुम्हाला वास आला असता, फिती बांधल्या तर दिसल्या असत्या. म्हटलं आत घालू. आत घातलेलं तिचं तिला कळेल, तुम्हाला नाही."

"मला कळलं नाही," बेनेदिक्ता म्हणाली. "तिला कळलं."

मी मागच्या सीटवरून ऐकत होते. पहिला दिवा लागला तेव्हापासून याला माहीत होतं. दोन वेळा ती बाटली उजेडात धरताना यानं पाहिली होती. मला ओरडायचं होतं, पण पोरगी मांडीवर होती.

"किती?" बेनेदिक्तानं विचारलं.

"दोन बाटल्या."

"छोट्या की मोठ्या?"

"मोठ्या."

"दोन मोठ्या म्हणजे सव्वा लिटर." तिनं बाटलीतल्या पाण्यावर बोट ठेवून उंची मोजली. "अर्धा लिटर मी काढलंय. बाकी टाकीत आहे. आणि डब्यात? डब्यात काही घातलंस? आधी नीट आठव, मग बोल. डबा उघडलास का?"

'घातलंस', 'उघडलास'. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून हे आलं. तिचंही लक्ष नव्हतं आणि त्याचंही.

"डब्याला हात नाही लावला. आईशपथ. पोरीची शप्पत."

"पोरीची शप्पत घालू नकोस. नुसतं हो की नाही सांग."

"नाही उघडला."

"मग डबा स्वच्छ आहे," ती म्हणाली आणि टपावर चढायलाही लागली. "उगाच बिचाऱ्या प्रिमितिवोला शिव्या घातल्या. वर ये. दोर सोड."

पुढची वीस मिनिटं मी खिडकीतून फक्त तिचे हात पाहिले. टाकीकडून येणारी नळी तिनं फिल्टरच्या तोंडातून उपटली आणि तिला बोळा कोंबला, म्हणजे टाकीतला एक थेंबही आता इंजिनात जाणार नाही. अवजारांच्या पेटीतून पारदर्शक नळी काढली, तिचं एक टोक फिल्टरला आणि दुसरं डब्यात. जास्तीचं डिझेल परत टाकीत नेणारी बारीक नळीही तिनं काढून डब्याकडे वळवली. "ही नाही वळवली तर इंजिन डबा पिऊन टाकीत ओकेल आणि वाटेत डबा रिकामा," ती इलारियोला सांगत होती. कोणाला शिकवायला लागली की तिचा आवाज मऊ होतो, रागातसुद्धा. फिल्टर पूर्ण रिकामा केला, पुसला, स्वच्छ डिझेलनं भरला. मग हातपंपाचा गोळा अंगठ्यानं दाबत राहिली. सुरुवातीला तो भुसभुशीत जात होता, नळीत बुडबुडे धावत होते. ऐंशी-नव्वद वेळा दाबल्यावर गोळा कडक झाला. बुडबुडे संपले.

"डबा कुठे ठेवू?" इलारियोनं विचारलं.

"तुझ्या मांडीवर. मीठ संपेपर्यंत. कलंडला तर हवा घेईल, हवा घेतली तर बंद, बंद पडली तर मी काहीही करू शकत नाही. कळलं?"

"कळलं."

नळ्या बॉनेटच्या फटीतून निघून त्याच्या खिडकीतून आत आल्या. बॉनेट दोरीनं बांधलं. बेनेदिक्तानं किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, फिरला, फिरला. काही नाही. तिनं थांबून दहा श्वास मोजले, बॅटरी दमू नये म्हणून. पुन्हा. इंजिननं एक उचकी दिली, पांढऱ्या धुराचा लोट सोडला, एका सिलिंडरवर धडपडलं, मग दोनवर, आणि मग सगळे सहा लागले.

तिनं पहिला गियर टाकला.

ती आता पंचवीसनं चालवत होती. पाणी ताडपत्रीवर थडाथड आपटत होतं. नोएमी झोपल्यासारखी पडली होती आणि मी दर मिनिटाला तिच्या नाकाशी बोट नेत होते. तिचं अंग तापायला लागलं. इलारियो डब्याला दोन्ही हातांनी कवटाळून बसला होता. उघड्या खिडकीतून खारं पाणी त्याच्या तोंडावर येत होतं, ते पुसायलाही हात सोडत नव्हता. परतीच्या नळीतून कोमट डिझेल ठिबकून त्याची विजार भिजली होती. वासानं मला उलटी येत होती. एकदा मीठ कुठे तरी खचलेलं होतं, जीप उजवीकडे कलली, डबा त्याच्या छातीवर आला, आणि इंजिनचा आवाज एक क्षण बारीक झाला. त्यानं हनुवटीनं डबा परत सरळ केला. आवाज भरून आला.

"तसाच धर," बेनेदिक्ता म्हणाली. नजर आरशात.

काठ वीस किलोमीटरवर आला तेव्हा माझ्या फोनला रेंज आली. इस्पितळानं गाडी कोल्चानीच्या काठावर पाठवतो म्हणून सांगितलं. साडेबाराला आम्ही कोरड्या मिठावर चढलो, तिथे पांढरी गाडी उभी होती. दोन माणसांनी नोएमीला माझ्या मांडीवरून उचललं. एकानं विचारलं, "कधीपासून दुखायचं थांबलंय?"

"पावणेदहापासून," मी म्हटलं.

त्यानं दुसऱ्याकडे पाहिलं आणि धावायला लागला.

पोरीसोबत एकालाच घेत होते. इलारियोनं माझ्याकडे पाहिलं. तो डबा अजून मांडीवरच धरून होता, कोणी सोड म्हटलं नव्हतं. मी त्याच्याशी बोलले नाही. गाडीत चढले.

अपेंडिक्स फुटलं होतं. पोट धुवायला दोन तास लागले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, हातमोजे काढत म्हणाल्या, की पोटात नळी राहील, दोन आठवडे इथेच, पहिले तीन दिवस काळजीचे, पण आत्ता तिचा रक्तदाब ठीक आहे आणि ती आपलं नाव सांगते आहे. "आणखी तासभर उशीर झाला असता तर मी असं बोलले नसते," त्या म्हणाल्या. मी त्या तासाचा हिशेब मनात दोन्ही बाजूंनी करून पाहिला. गप्प राहून त्यानं घालवलेला पाऊण तास, आणि बोलून वाचवलेला तास. जमेना. सोडून दिला.

बाहेर आले तेव्हा पाच वाजले होते. रस्त्यापलीकडे गाड्या धुण्याची जागा आहे, तिथे बेनेदिक्ताची जीप दोन लाकडी ओंडक्यांवर चढवलेली होती. मीठ लागलेली गाडी तशीच ठेवली तर रात्रीत पत्रा खायला लागतं. खालून इलारियोचे पाय दिसत होते, उघडे, डिझेलनं काळे झालेले. टाकी सोडवून जमिनीवर उतरवली होती, तिच्या तळाचं डिझेल एका पातेल्यात, आणि बेनेदिक्ता पातेल्याशी उकिडवी बसून ते निवळताना बघत होती.

मला बघून ती उठली. हात पुसायला लागली, थांबली.

"पोरगी?"

"शुद्धीवर आलीय. फुटलं होतं. पण धुतलंय सगळं. तीन दिवस बघायचं."

ती डोळे मिटून उभी राहिली, ओठ हलत होते. तिच्या मंडळीची प्रार्थना असावी. गाडीखालचे पाय हलायचे थांबले होते.

"ऐकलंस का रे?" तिनं खाली वाकून विचारलं.

"ऐकलं," खालून आवाज आला. मग नाक ओढल्याचा आवाज.

"बाहेर ये आणि आत जा. हात धू आधी, दोनदा, साबणानं. असल्या हातांनी पोरीला शिवू देणार नाहीत."

इलारियो सरपटत बाहेर आला. तोंडावर मिठाची पांढरी पुटं, त्यावर ओघळ. तो माझ्यासमोर उभा राहिला, पण जवळ आला नाही.

"ती तुलाच विचारत होती," मी म्हणाले. "बाबांनी डबा खाली ठेवला का, म्हणून."

तो नळाकडे गेला. मी बेनेदिक्ताच्या शेजारी बादली उपडी घालून बसले. पातेल्यात बघायला लागले. वर डिझेल, खाली पाण्याची रेघ, अगदी स्वच्छ वेगळी झालेली.